लँगरहान्सच्या बेटांचे रक्षण

सप्टेंबर १९४० पासून पुढे कित्येक महिने लंडन शहरावर रात्रीमागून रात्री बाँबवर्षाव होत होता. सकाळी कोसळलेल्या घरांचे ढिगारे उपसून माणसे बाहेर काढण्यात येत. त्यांतील काहींची अवस्था डॉक्टरांना बुचकळ्यात टाकणारी असे. तुळईखाली किंवा भिंतीखाली हातपाय तासन् तास चेंगरून पडलेले. परंतु माणूस शुद्धीवर, बोलता-चालता. सुटका झाली की घरच्यांना वाटे, जिवावरचे संकट टळले. पुढे एक-दोन दिवसांत त्याची लघवी कमी होऊ लागे, आणि आठवड्याच्या आतबाहेर मूत्रपिंडे बंद पडून तो दगावत असे. जखम पायाला आणि मृत्यू मूत्रपिंडाने, हा काय प्रकार आहे? बायवॉटर्स आणि बील या दोघांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ब्रिटनमधील अनेक प्रयोगशाळांत या एका प्रश्नावर काम सुरू झाले.

त्यांपैकी एक प्रयोगशाळा ग्लासगोची. तेथे जॉन शॉ डन हे विकृतिविज्ञानाचे प्राध्यापक होते. यूरिक आम्लासारखी द्रव्ये सशाला टोचली असता मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना इजा होते, हे त्यांनी युद्धापूर्वीच्या काळात पाहिले होते. तेव्हा चेंगरलेल्या माणसांचे कोडे उलगडावयाचे तर यूरिक आम्लाच्या गोत्यातील एकेक द्रव्य तपासून पाहावे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बाळंतपणातील अतिरक्तस्रावानंतर पोषग्रंथीचा जो नाश होतो त्याला आज ज्यांच्या नावाने ओळखतात ते शीहान, आणि मॅक्लेची नावाचे एक तरुण सहकारी, असे दोघे त्यांच्या जोडीला होते. या यादीत अलॉक्झान नावाचे एक द्रव्य होते. ते टोचलेले ससे मेले. त्यांच्या शरीरातील सर्व इंद्रियांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले, तेव्हा अपेक्षा होती मूत्रपिंडात काहीतरी सापडण्याची. सापडले ते निराळ्याच ठिकाणी. स्वादुपिंडातील लहान लहान पेशीपुंज, ज्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात, ते मरून पडले होते, आणि त्यांच्या सभोवारचे स्वादुपिंड मात्र जसेच्या तसे होते. १९४३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत छापून आली. डन पुढच्याच वर्षी वारले. मॅक्लेची यांना दीर्घायुष्य लाभले. २००२ मध्ये त्यांनी या शोधाच्या आठवणी लिहिल्या, आणि लेखाच्या शीर्षकातच त्याला एक लहानसा शोध म्हणून टाकले. विनय चांगलाच, पण तो शोध लहान नव्हता.

तो का लहान नव्हता हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ही बेटे प्रथम पाहिली ती पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने, १८६९ साली, पदवीच्या प्रबंधासाठी स्वादुपिंडाचे निरीक्षण करीत असताना. ती कशासाठी आहेत याची त्याला कल्पना नव्हती, आणि तसे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. १९२१-२२ मध्ये टोरोंटोला बँटिंग, बेस्ट, मॅक्लिओड आणि कॉलिप यांच्या हातून इन्सुलीन वेगळे झाले आणि मरणोन्मुख मुले उठून बसू लागली. ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. इन्सुलीन देऊन रोग्याला वाचविता येऊ लागले खरे, परंतु मूळ दुखणे काय, या पेशी मरतात त्या कशाने मरतात, आणि इतर पेशींना सोडून नेमक्या त्याच का मरतात, या प्रश्नाला हात घालण्यास साधनच नव्हते. स्वादुपिंड सगळेच्या सगळे कापून काढले की प्रश्नच कापून काढल्यासारखे होते. ग्लासगोच्या सशांनी ते साधन दिले. एका टोचणीने इन्सुलीन निर्माण करणाऱ्या पेशी, म्हणजे बीटा पेशी, तेवढ्या नाहीशा करता येऊ लागल्या. शेजारच्या पेशींच्या केसालाही धक्का नाही. या विषाचा मार्ग शोधीत गेले, तर या पेशींचे मर्म कोठे आहे ते कळेल, आणि कदाचित त्यांचे रक्षण कसे करावे तेही कळेल, अशी आशा निर्माण झाली.

अलॉक्झान हे काही नवे द्रव्य नव्हे. ब्रुन्यातेल्ली या इटालियन रसायनज्ञाला ते १८१८ मध्ये यूरिक आम्लापासून मिळाले होते, आणि व्होलर व लीबिग या दोन नामवंत जर्मनांनी १८३८ मध्ये त्याचे नामकरण केले होते. म्हणजे शंभर वर्षे ते रसायनशास्त्राच्या फडताळात पडून होते. टोचल्यानंतर त्याची करणी तीन अंकांत घडते. प्रथम रक्तातील साखर थोडा वेळ वाढते. काही तासांनी ती एकदम कोसळते, इतकी की जनावराला झटके येतात. कारण मरू लागलेल्या पेशींच्या कोठारातले सगळे इन्सुलीन एकदम बाहेर सांडते. या संकटातून साखर पाजून जनावर वाचविले, तर एक-दोन दिवसांनी तिसरा अंक सुरू होतो तो कायमचा: रक्तातील साखर चढते आणि उतरत नाही. दिवाळखोर पेढीवर धाड पडली की शेवटच्या क्षणी सगळी रोकड रस्त्यावर यावी आणि मग तिजोरी कायमची रिकामी व्हावी, तसे हे आहे.

याहून चकित करणारी गोष्ट पुढे उघडकीस आली. शरीराच्या तापमानाला, पाण्यात, अलॉक्झानचे आयुष्य अगदीच थोडे असते. सुमारे दीड मिनिटात त्यातील निम्मे नष्ट होते. शिकागोचे गोमोरी आणि गोल्डनर यांनी एक साधी पण मार्मिक युक्ती केली. स्वादुपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही मिनिटे चिमट्याने बंद ठेवावयाच्या, तेवढ्यात अलॉक्झान टोचावयाचे, आणि मग चिमटा काढावयाचा. रक्त पुन्हा वाहू लागले, पण बेटे शाबूत राहिली. विष तोवर संपून गेलेले होते. जो काही घात होतो तो त्या पहिल्या काही मिनिटांत. त्यानंतरचे दोन दिवस केवळ परिणाम दिसण्याचे. मग त्या काही मिनिटांत पेशीच्या अंगी काय असले म्हणजे ती तरते आणि काय नसले म्हणजे ती मरते? पुढील पन्नास वर्षांचे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

आता हे विष बीटा पेशीच का निवडते? खरे तर ते निवडत नाहीच. बीटा पेशीच त्याला आत घेते. बाजारातील मापाड्याचे उदाहरण घ्या. आलेल्या प्रत्येक पोत्याचे तोंड उघडून माल पाहणे हेच ज्याचे काम, त्याला दार लावून बसता येत नाही. बीटा पेशी ही रक्तातील साखरेची मापाडी आहे. स्नायूंच्या किंवा मेदाच्या पेशी इन्सुलीनचा हुकूम मिळाल्याखेरीज साखरेला फारसा थारा देत नाहीत. पण तो हुकूम जिने काढावयाचा तिला रक्तात साखर किती आहे हे आधी कळले पाहिजे. म्हणून उंदीर-घुशींच्या बीटा पेशींवर ग्लुकोजसाठी एक प्रशस्त दरवाजा असतो. शास्त्रज्ञ त्याला ग्लुट-दोन म्हणतात. रक्तातील साखर वाढली की तितक्याच प्रमाणात ती आत येते. आत आलेल्या साखरेवर ग्लुकोकायनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, पहिला हात ठेवते, आणि तेथून साखरेचे ज्वलन सुरू होते. पेशीतील तंतुकणिकांच्या भट्टीत ही साखर जळते आणि एटीपी नावाचे ऊर्जेचे चलन तयार होते. ते वाढले की पेशीच्या आवरणातील पोटॅशियमचे मार्ग मिटतात (हे १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या अॅशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले), पेशी उत्तेजित होते आणि इन्सुलीन बाहेर सोडते. थोडक्यात, बीटा पेशी साखर मोजते ती जाळून मोजते. किती ऊर्जा निर्माण झाली यावरून किती साखर होती हे तिला कळते.

अलॉक्झानचा रेणू आकाराने ग्लुकोजशी इतका मिळताजुळता आहे की त्याच दारातून तो आत सरतो. आत गेल्यावर तो दोन उपद्रव करतो. पेशीतील ग्लुटाथायोन त्याचे क्षपण करते, त्यातून निघालेले द्रव्य प्राणवायूशी संयोग पावून पुन्हा अलॉक्झान होते, आणि या फेऱ्यांत दर खेपेस हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्ये निर्माण होतात. यकृतासारख्या इंद्रियाजवळ अशा द्रव्यांचा निचरा करणारी विकरे मुबलक असतात. बीटा पेशीजवळ ती फार थोडी असतात. लेन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे दारिद्र्य नीट मोजून दाखविले. दुसरा उपद्रव असा की अलॉक्झान ग्लुकोकायनेजलाच जायबंदी करते. मापाड्याचा तराजूच मोडावा, तसे होते. १९८६-८७ च्या सुमारास अमेरिकेत मॅचिन्स्की यांच्या आणि जर्मनीत लेन्झेन यांच्या प्रयोगशाळांनी हे स्वतंत्रपणे दाखविले.

पण या तपशिलाच्या बऱ्याच अगोदर, १९५२ मध्ये, सेन आणि भट्टाचार्य या दोघा भारतीय संशोधकांचा एक छोटासा निबंध ‘सायन्स’मध्ये आला होता. आपल्या देशातील शरीरक्रियाविज्ञानाच्या इतिहासात त्याला जेवढे स्थान मिळावयास हवे होते तेवढे मिळालेले नाही, असे मला वाटते. त्यांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते: अलॉक्झान टोचण्यापूर्वी जनावराला भरपूर ग्लुकोज दिले, तर त्याला मधुमेह होत नाही. पुढील दोन वर्षांत भट्टाचार्य यांनी मॅनोज, फ्रुक्टोज आदी इतर शर्करा घेऊन हा प्रयोग चालू ठेवला. सर्व शर्करा सारख्या गुणाच्या ठरल्या नाहीत. काहींनी रक्षण केले, काहींनी नाही. साखरेच्या रोगापासून साखरेनेच रक्षण व्हावे, हे ऐकणाऱ्याला कोड्यासारखे वाटले असेल. आणि याची दुसरी बाजू प्रयोगशाळेतील प्रत्येक मदतनिसाला ठाऊक असते. ज्या उंदरांना अलॉक्झान टोचावयाचे, त्यांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात. उपाशी जनावरावर विष हटकून लागू पडते. पोटभर खाल्लेले जनावर पुष्कळदा निसटते.

याचा अर्थ लावण्यावरून बराच खल झाला. एका पक्षाचे म्हणणे, यात गूढ काही नाही. दार एक आणि आत शिरणारे दोन. ग्लुकोजची गर्दी झाली की अलॉक्झानला वाट मिळत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, नुसत्या गर्दीने भागत नाही; ग्लुकोज आत जाऊन जळले पाहिजे, तेव्हाच पेशीला बळ येते. दोघांच्याही बाजूने पुरावा होता. ॲव्होकॅडोच्या फळात मॅनोहेप्ट्युलोज नावाची एक शर्करा असते. ती बीटा पेशीतील ग्लुकोजच्या ज्वलनाला खीळ घालते. ती सोबत दिली की ग्लुकोजचे कवच गळून पडते. हा दुसऱ्या पक्षाचा मोठा आधार. परंतु ग्लुकोजचे एक रूप असे आहे की जे आत जाते पण जळत नाही. कार्टर आणि युनाथन यांनी १९६२ च्या सुमारास ते वापरून पाहिले, आणि जनावराचे रक्षण त्यानेही केले. हा पहिल्या पक्षाचा आधार. माझ्या मते येथे एका पक्षाला विजयी ठरविण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ग्लुकोज दाराशी आडवे येते, ग्लुकोकायनेजला बिलगून त्याला झाकते, आणि जळून पेशीला डागडुजीसाठी लागणारी शक्तीही पुरविते. तिन्ही कामे एकाच द्रव्याची. १९८६ मध्ये ब्रुसेल्सचे पिपेलीर्स आणि व्हान दे विंकेल यांनी बीटा पेशी इतर पेशींपासून निवडून, शुद्ध स्वरूपात काचपात्रात ठेवून ही विषे त्यांच्यावर घातली. तेथे यकृत नाही, रक्त नाही, इतर कोणी मदतीला नाही. तरीही या पेशींजवळ स्वतःच्या बचावाची साधने आहेत असे त्यांना आढळले. तोवर ज्या पेशीला केवळ नाजूक आणि दुबळी समजत आले होते, तिच्याविषयीची समजूत येथे बदलली.

येथवर मी एकाच विषाविषयी बोललो. दुसरे विष आले ते जमिनीतून. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या मातीच्या नमुन्यात एक सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून १९६० च्या सुमारास अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी एक प्रतिजैविक काढले. त्याचे नाव स्ट्रेप्टोझोटोसिन. कर्करोगावर ते उपयोगी पडेल काय, हे पाहण्यासाठी कुत्र्यांना आणि उंदरांना ते देण्यात आले, आणि त्यांना मधुमेह झाला. १९६३ मध्ये हे प्रसिद्ध करणाऱ्या निबंधावर तीन नावे आहेत: दोघे राकीटेन, आणि तिसरे नाडकर्णी. जगभरच्या मधुमेह-संशोधनात हा निबंध आजही उल्लेखिला जातो, आणि त्या इंग्रजी यादीत हे आडनाव वाचताना कोकणच्या माणसाची नजर तेथे क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही. या द्रव्याच्या रेणूला ग्लुकोजचा एक तुकडाच जोडलेला आहे. म्हणून तेही त्याच दरवाजाने आत जाते. आत गेल्यावर मात्र त्याची चाल वेगळी. ते पेशीच्या केंद्रातील डीएनएवर घाव घालते.

शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६७ मध्ये असे दिसले की निकोटिनामाइड दिले तर उंदीर या विषाच्या मधुमेहापासून वाचतात, आणि कर्करोगावरील औषधाचा गुण मात्र कमी होत नाही. निकोटिनामाइड म्हणजे ब गटातील एक जीवनसत्त्व. ते आहारात कमी पडले की पेलाग्रा होतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या लोकांत हा रोग का आढळतो, याचा छडा लावण्याचा प्रयत्न हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास केला होता, तेच हे जीवनसत्त्व. शरीरात त्यापासून एनएडी नावाचे द्रव्य बनते, आणि पेशीतील ज्वलनाचे जवळजवळ प्रत्येक पाऊल या एनएडीच्या आधारे पडते. भट्टीत लाकडे असून उपयोग नाही, फुंकणी हवी. एनएडी ही ती फुंकणी. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचल्यावर बेटांतील एनएडीचा साठा आटतो, हे लौकरच कळले. पण डीएनएवरचा घाव आणि एनएडीचा दुष्काळ यांचा संबंध काय?

हा दुवा पुन्हा स्ट्रासबुर्ग शहरातून आला. १९६३ मध्ये तेथे शांबाँ, वेल आणि मांदेल यांना पेशीकेंद्रात एक अनोळखी विकर सापडले होते. पुढे समजले की हे विकर म्हणजे डीएनएच्या दुरुस्तीवरचा मुकादम आहे. धागा तुटला की ते जागे होते, आणि तुटक्या जागेशी खूण म्हणून एक लांबच लांब साखळी विणू लागते. त्या साखळीचा प्रत्येक दुवा एनएडी मोडून बनवावा लागतो. १९८१ मध्ये यामामोटो, उचिगाता आणि ओकामोटो या जपानी संशोधकांनी दाखविले की अलॉक्झान आणि स्ट्रेप्टोझोटोसिन ही दोन्ही विषे बेटांतील डीएनए तोडतात आणि हे विकर जोराने कामाला लागते. यावरून ओकामोटो यांनी जो सिद्धान्त मांडला तो मला या सर्व इतिहासातील अत्यंत करुण भाग वाटतो. पेशी विषाच्या घावाने मरत नाही. घाव दुरुस्त करण्याच्या अट्टहासाने मरते. घरावरचे एक कौल बसविण्यासाठी चुलीतली लाकडे, धान्याची कणगी, शेवटी चूलच विकून टाकावी आणि घर शाबूत असताना माणसे उपाशी मरावीत, तसे ती आपले सगळे एनएडी दुरुस्तीत खर्च करते. ज्वलन थांबते, एटीपी संपते, आणि पेशी विझते. निकोटिनामाइड या विकराला आवर घालते आणि एनएडीचा साठाही भरून काढते. म्हणून ते तारक ठरते. या सिद्धान्ताची कसोटी अठरा वर्षांनी लागली. १९९९ मध्ये तीन निरनिराळ्या गटांनी, हे विकर ज्यांच्यात मुळातच नाही असे उंदीर तयार करून, त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचले. त्यांना मधुमेह झाला नाही. मुकादम नसलेल्या घरात कौल मोडकेच राहिले असेल, पण चूल विझली नाही.

हे सर्व उंदीर-सशांचे. माणसाचे काय? माणसाच्या बाबतीत हा प्रयोग कोणी करणार नाही. पण तो दुर्दैवाने आपोआप घडला. १९७५ मध्ये अमेरिकेत व्हॅकॉर नावाचे उंदीर मारण्याचे औषध बाजारात आले. चुकून किंवा जिवाला कंटाळून ते ज्यांच्या पोटात गेले आणि जे त्यातून जगले, त्यांच्यापैकी अनेकांना थोड्याच दिवसांत तीव्र मधुमेह जडला, आणि उठून उभे राहताच रक्तदाब घसरून चक्कर येऊ लागली. मरण पावलेल्या काहींच्या स्वादुपिंडात बीटा पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. या द्रव्याच्या रेणूचा एक भाग निकोटिनामाइडसारखा आहे, आणि त्यावरचा उतारा म्हणून सांगितले जाई तेही निकोटिनामाइडच. मात्र ते तातडीने दिले पाहिजे. १९७९ मध्ये हे औषध बाजारातून काढून घेण्यात आले. १९९६ मध्ये असे निष्पन्न झाले की ते तंतुकणिकांतील श्वसनाच्या साखळीची पहिलीच कडी अडविते. म्हणजे येथे भट्टीवरच सरळ घाला. आणि भट्टी बंद पडताच सर्वांत आधी कोलमडल्या त्यांत, जाळून मोजण्यावर जिचा सगळा संसार, ती पेशी होती.

तेव्हा एक मोठी आशा उभी राहिली, आणि ती राहणे स्वाभाविक होते. लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहात शरीराच्या स्वतःच्या रक्षक पेशीच बेटांवर चालून जातात आणि तशीच जहाल द्रव्ये तेथे सोडतात. मग निकोटिनामाइडसारखे स्वस्त, निरुपद्रवी जीवनसत्त्व आधीपासून दिले, तर या मुलांच्या पेशी तगून राहणार नाहीत काय? ज्या घरात एका भावंडाला हा रोग झालेला आहे आणि दुसऱ्याच्या रक्तात त्याची पूर्वचिन्हे दिसत आहेत, त्या घरातील आईबापांना ह्या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको. ब्रिस्टलचे एडविन गेल यांच्या पुढाकाराने युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अनेक देशांत अशा ५५२ जणांना निवडण्यात आले. निम्म्यांना निकोटिनामाइड, निम्म्यांना दिसण्यात तसेच पण निर्गुण औषध. कोणाला काय मिळते हे ना त्यांना माहीत, ना डॉक्टरांना. पाच वर्षे वाट पाहिली. निकाल २००४ मध्ये जाहीर झाला. दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात मधुमेह झाला. काडीचाही फरक नव्हता.

असे का व्हावे, याची काही उत्तरे आधीच हाताशी होती. १९९४ मध्ये आयझिरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाची बेटे आणि उंदरांची बेटे यांची तुलना करून दाखविले होते की अलॉक्झान आणि स्ट्रेप्टोझोटोसिन यांचे जे प्रमाण उंदराच्या बीटा पेशींचा फडशा पाडते, त्याने माणसाच्या बीटा पेशींना फारसे काही होत नाही. माणसाच्या पेशींवर ग्लुट-दोनचा तो प्रशस्त दरवाजा फार थोडा असतो; साखर आत घेण्यास त्या बहुतांशी दुसरा, लहान दरवाजा वापरतात. शिवाय पेरॉक्साइडचा निचरा करण्याची त्यांची शक्तीही अधिक. १९४४ मध्येच अमेरिकन डॉक्टरांनी बेटांच्या कर्करोगाच्या रोग्याला अलॉक्झान देऊन पाहिले होते, आणि उंदरात जे घडते तसे माणसात घडत नाही हे तेव्हापासून दिसू लागले होते. स्ट्रेप्टोझोटोसिनला मात्र त्या कर्करोगावरील औषध म्हणून १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. शिवाय, पाच मिनिटांत येऊन जाणारे विष आणि वर्षानुवर्षे चालणारा वेढा यांत फरक आहेच. अलॉक्झानच्या उंदराला फक्त तेवढा एक प्रसंग निभावून न्यावयाचा असतो. मुलाच्या बेटांना तो रोज निभवावा लागतो, आणि कितीही भरलेली शिदोरी रोजच्या लुटीला पुरत नाही.

तरीही निकोटिनामाइडने प्रयोगशाळा सोडली नाही. १९९८ मध्ये इटलीतील पिसा येथे मासिएल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नव्या कामाला लावले. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचण्यापूर्वी पंधरा मिनिटे ते मोजून दिले की बीटा पेशी सगळ्या मरत नाहीत. काही मरतात, काही तगतात, आणि उंदराला जो सौम्य मधुमेह होतो तो प्रौढ माणसांच्या मधुमेहाशी पुष्कळसा मिळताजुळता असतो. आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या अनेक महाविद्यालयांत जांभळाच्या बिया, कारले, मेथी यांचा गुण आज अशाच उंदरांवर तपासतात. सकाळी उपाशी उंदराला पहिली टोचणी, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पाव तास थांबणे, मग दुसरी टोचणी. आणि तिसऱ्या दिवशी शेपटीच्या टोकाला सुई टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेऊन कितीने साखर चढली ते वहीत लिहिणे.